परदेशात सर्जन व्हायचं असेल तर: नंदुरबार जिल्ह्यातील पालकांसाठी माहिती

नीटचा निकाल लागला की नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा इथल्या घरांत एकच विषय सुरू होतो. सरकारी कॉलेजला नंबर लागत नाही, खासगीची फी झेपत नाही, मग बाहेर पाठवायचं का? त्याच आठवड्यात कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमध्ये ‘सेमिनार’ भरतो, मोबाईलवर पोस्टर फिरतं आणि मगरिबनंतर एखादे अब्बा ते पोस्टर घेऊन आमच्याकडे येतात. “सर, बच्चा सर्जन बनना बोलता है. हे कॉलेज बरं आहे का?”

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण दरवर्षी हाच प्रश्न येतो म्हणून नियम वाचत गेलो, बाहेर शिकणाऱ्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलत गेलो. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. पालक कॉलेजचं नाव विचारतात, फी विचारतात, मेसमध्ये हलाल मिळतं का हेही विचारतात. पण मूल सर्जरी कुठल्या देशात शिकणार आणि शेवटी प्रॅक्टिस कुठे करणार, हे सहसा कोणी विचारत नाही. खरं तर हिशेब तिथूनच मांडायला हवा. शेवटचं ठिकाण ठरलं की पहिलं कॉलेज कुठलं चालेल आणि कुठलं चालणार नाही, हे आपोआप समजतं. उलट केलं तर शेत विकून झाल्यावर समजतं.

एमबीबीएस म्हणजे सर्जन नव्हे

हे सगळ्यांना माहीत असतं, तरी निर्णय घेताना विसरलं जातं. भारतात एमबीबीएसनंतर नीट-पीजी द्यावी लागते आणि जनरल सर्जरीचं एमएस ३ वर्षांचं असतं. त्याच्याच बरोबरीचा डीएनबी हाही मार्ग आहे. हाडांचं, कान-नाक-घशाचं, डोळ्यांचं एमएस वेगळं. हृदय, मेंदू, प्लास्टिक, मूत्ररोग, लहान मुलांची सर्जरी यांसाठी एमएसनंतर नीट-एसएस देऊन आणखी ३ वर्षांचं एमसीएच.

परदेशातही दोन टप्पे आहेत, पण दुसऱ्या टप्प्याचं स्वरूप निराळं आहे. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी या देशांत सर्जरीचं शिक्षण म्हणजे फी भरून घेतलेला प्रवेश नसतो. ती हॉस्पिटलमधली पगारी नोकरी असते. जागा मोजक्या असतात आणि त्या देशातली मुलंही त्याच जागांसाठी अर्ज करतात. पहिली सीट पैशाने मिळू शकते, दुसरी जिंकावीच लागते. म्हणून ‘एमबीबीएस अधिक पीजी, एकाच पॅकेजमध्ये’ असं कोणी सांगत असेल तर तिथेच थांबून चार प्रश्न विचारावेत.

आपल्याकडच्या युनानी पदवीबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण जिल्ह्यातली बरीच मुलं बीयूएमएस करतात. युनानीत जराहतचं पदव्युत्तर शिक्षण भारतात आहे, त्याची वाट वेगळी. पण बीयूएमएसच्या पदवीवर ब्रिटनची प्लॅब किंवा अमेरिकेची यूएसएमएलई देता येत नाही. त्या परीक्षांना एमबीबीएस किंवा तिच्या दर्जाचीच पदवी लागते.

पाच देशांची यादी

ज्याला शिकून परत यायचं आहे त्याच्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. भारत सरकारने २००८ साली अधिसूचना काढून अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतली पदव्युत्तर वैद्यकीय पात्रता मान्य केली. अट अशी की त्या पात्रतेवर त्या देशात त्या विषयाचा तज्ज्ञ म्हणून नोंदणी होत असली पाहिजे. रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, चीन, जॉर्जिया या यादीत नाहीत. जर्मनीही नाही.

म्हणजे समजा, मुलगा एमबीबीएसला बिश्केकला गेला आणि तिथेच सर्जरीची ‘ऑर्डिनेटुरा’ करून आला. भारतात ती सर्जनची पदवी म्हणून धरली जाणार नाही. त्याला इथे पुन्हा नीट-पीजी देऊन एमएसच्या रांगेत उभं राहावं लागेल. आम्हाला एका पालकांनी असाच एक माहितीपत्रकाचा कागद दाखवला होता. त्यात शेवटच्या पानावर ‘सर्जन होऊनच मायदेशी’ असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. एजंटाला फोन लावून यादीबद्दल विचारलं तर म्हणाला, “वो बाद में देखेंगे.” बाद में म्हणजे नऊ वर्षांनी.

पहिली पदवी बाहेर घ्यायची असेल तर

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, म्हणजे एनएमसीचे, परदेशी पदवीधरांसाठीचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहेत. एजंटाचा शब्द बाजूला ठेवून कॉलेजला या नियमांवरच घासून पाहावं.

अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर त्याच विद्यापीठात १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिकवण्याची भाषा इंग्रजी हवी. संपूर्ण शिक्षण एकाच संस्थेत हवं. मध्येच दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या कॉलेजात बदली घेतलेली चालत नाही. ती पदवी घेऊन त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणेच डॉक्टर म्हणून परवाना मिळू शकेल, अशी पदवी हवी. परत आल्यावर भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. आणि सगळं मिळून प्रवेशापासून १० वर्षांच्या आत. नीट पात्र होणं तर २०१८ पासून बाहेर जाणाऱ्यांनाही सक्तीचं आहे. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल, ओबीसी व इतर राखीव गटांना ४०. पिंजारी, मोमीन, तांबोळी, बागवान, मणियार अशा घरांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर मूल अकरावीत असतानाच काढून ठेवावा, इथल्या प्रवेशालाही तो लागतोच. तडवी घरांना अनुसूचित जमातीच्या सवलती आहेत.

याशिवाय एफएमजीई. ही परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये होते. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपी वाटते. पण जून २०२५ च्या परीक्षेत बसलेल्यांपैकी एकोणीस टक्केसुद्धा पास झाले नाहीत, म्हणजे पाचातला एक पुरता नाही. त्याआधीच्या डिसेंबरमध्ये प्रमाण बरं होतं, तरी तीस टक्क्यांच्या आतच.

मुलं कमी हुशार असतात म्हणून असं होतं, हे आम्हाला पटत नाही. वर्गात शिकवणं इंग्रजीत असतं, पण वॉर्डातला पेशंट रशियन किंवा किर्गिझ बोलतो. मुलाला ती भाषा धड येत नाही, मग तो राउंडला मागच्या रांगेत उभा राहतो. पोट तपासायला हात लावत नाही, टाके घालायला पुढे जात नाही. पाच-सहा वर्षं अशी गेली की पुस्तकातली सर्जरी डोक्यात राहते, हातात येत नाही. ज्याला सर्जन व्हायचंय त्याचं हे सगळ्यात मोठं नुकसान. म्हणून बाहेर गेलेल्या प्रत्येक मुलाला आम्ही सांगतो की पहिल्या वर्षापासून तिथली भाषा मन लावून शीक, ती परीक्षेपुरती नाही, पेशंटसाठी आहे.

देशाची स्थिती हाही विचारात घ्यायचा मुद्दा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन गंगा’तून आणावं लागलं. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले. त्याच वर्षी जुलैमध्ये बांगलादेशातून मुलं सीमेवरून पायी परत आली. जून २०२५ मध्ये इराणमधून. अभ्यास ऑनलाइन झाला की एनएमसी तो भाग भरून काढायला लावते आणि इंटर्नशिप लांबते.

बाहेर पाठवण्याआधी जवळचंही पाहावं. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्याला आणि जळगावलाही सरकारी कॉलेज आहे. अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमचं, मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी उभं केलेलं, वैद्यकीय महाविद्यालय जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वरुडीला आहे. नीटसाठी एक वर्ष थांबणं घरात नामुष्की समजली जाते. आमच्या मते ज्या मुलाचे गुण थोडक्यात हुकलेत त्याच्यासाठी ते वर्ष स्वस्त पडतं.

ब्रिटन

आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘एफआरसीएस, लंडन’ असं असायचं, त्यामुळे ब्रिटनबद्दल घरांत एक आदर आहे. त्या पिढीची वाट लक्षात घेण्यासारखी आहे. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९३१ साली इंग्लंडची एफआरसीएस घेऊन परतले आणि गर्भपिशवीच्या तोंडाला घालायचा त्यांचा टाका आज जगभर ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखला जातो. डॉ. नोशिर अँटिया हेही ग्रँटचेच. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरी शिकून ते परत आले, जे. जे. रुग्णालयात त्या शाखेचा विभाग उभा केला आणि कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात-चेहरे दुरुस्त करण्यात आयुष्य घातलं. दोघांनी पहिली पदवी इथे घेतली, इथल्या पेशंटवर हात बसवला आणि मग बाहेर गेले.

आजची एफआरसीएस मात्र त्या काळची नाही. आता ती सगळं प्रशिक्षण संपताना द्यायची परीक्षा आहे. सुरुवातीला असते ती एमआरसीएस. तिचा पहिला भाग एका दिवसाचा, ३०० प्रश्नांचा असतो आणि तो भारतात देता येतो. एमआरसीएस झालं म्हणजे सर्जन झालो असं काही मुलं घरी सांगतात. तसं नाही. ती दारावरची परीक्षा आहे.

नेहमीचा क्रम असा. इंग्रजीसाठी आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७, किंवा ओईटी. मग प्लॅबचा पहिला पेपर, १८० प्रश्न, ३ तास, तो मुंबईत देता येतो. दुसरा भाग मँचेस्टरला जाऊनच द्यावा लागतो. त्यात नकली पेशंटसमोर १६ प्रसंग हाताळायचे असतात. या दुसऱ्या भागाची फीच सुमारे १००० पौंड आहे, विमान आणि राहणं वेगळं. मग जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी. एमआरसीएस पूर्ण असेल तर प्लॅबऐवजी तीही नोंदणीसाठी धरली जाते.

नोंदणीनंतर दोन वर्षांचं कोअर सर्जिकल ट्रेनिंग, त्यानंतर सहा वर्षांचं वरचं ट्रेनिंग, शेवटी एफआरसीएस आणि सीसीटी हे पूर्णत्वाचं प्रमाणपत्र. हे सीसीटीच महत्त्वाचं, तज्ज्ञ म्हणून नोंद त्यावर होते. कोअरसाठीचे अर्ज ओरिएल या संकेतस्थळावर आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरतात, जानेवारीत एमएसआरए नावाची परीक्षा, मग मुलाखत, आणि ऑगस्टमध्ये रुजू. ज्यांनी ब्रिटनचा दोन वर्षांचा फाउंडेशन प्रोग्रॅम केलेला नाही, त्यांना क्रेस्ट नावाचा फॉर्म वरिष्ठ डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो.

इथे एक खोच आहे, ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. कोअर ट्रेनिंगच्या आजवरच्या अटींत सर्जरीचा अनुभव १८ महिन्यांपेक्षा जास्त नको असं आहे. भारतात तीन वर्षांचं एमएस करून गेलेला मुलगा या जागेसाठी ‘जास्त अनुभवी’ ठरतो. त्याने थेट वरच्या टप्प्यासाठी तयारी करायची किंवा खाली दिलेली दुसरी वाट धरायची. म्हणून ‘आधी एमएस इथे करू, मग बघू’ हेही डोळे झाकून करायचं नाही.

आता अवघड भाग. गेल्या काही वर्षांत प्लॅब पास झालेले शेकडो डॉक्टर नोकरीविना बसून आहेत. एकेका साध्या हॉस्पिटल जागेला अर्जांचा ढीग येतो. त्यातच जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने दहा वर्षांची आरोग्य योजना जाहीर केली. स्पेशालिटी ट्रेनिंगमध्ये ब्रिटनमध्येच शिकलेल्या पदवीधरांना आणि एनएचएसमध्ये बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य देण्याचं धोरण तिच्यात आहे. सर्जरी ही आधीच सगळ्यात जास्त गर्दीची शाखा. त्यामुळे नुसती प्लॅब पास होऊन लंडनचं तिकीट काढणं, या घडीला आम्ही कोणालाही सुचवणार नाही.

दुसरी वाट म्हणजे मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह, एमटीआय. ही भारतासारख्या देशांतल्या, इथे सर्जरी शिकलेल्या डॉक्टरांसाठी आहे. रॉयल कॉलेज पुरस्कृत करतं, त्यामुळे प्लॅब लागत नाही, इंग्रजीची परीक्षा मात्र लागते. जास्तीत जास्त दोन वर्षं एनएचएसच्या हॉस्पिटलमध्ये पगारावर काम करायचं आणि परत यायचं. यात सीसीटी मिळत नाही. पण एमएसची पदवी भारतातलीच असल्याने मान्यतेचा प्रश्नच येत नाही, आणि हात नव्या तंत्रावर बसतो. अँटियांच्या काळच्या वाटेशी हिचंच नातं जवळचं वाटतं.

अमेरिका

अमेरिकेसाठी यूएसएमएलईचे टप्पे. पहिला टप्पा २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे, गुण मिळत नाहीत, त्यामुळे सगळं वजन दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर आलंय. एका टप्प्याला जास्तीत जास्त चार प्रयत्न. प्रत्येक टप्प्याची फी हजार डॉलरच्या आसपास. त्याबरोबर ओईटी आणि ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र. अर्ज सप्टेंबरमध्ये, निकाल मार्चमध्ये ‘मॅच’ नावाच्या एकाच यंत्रणेतून, आणि १ जुलैला काम सुरू.

जनरल सर्जरीची रेसिडेन्सी पाच वर्षांची. ‘कॅटेगॉरिकल’ आणि ‘प्रिलिमिनरी’ हे दोन शब्द पालकांनी पाठ करून ठेवावेत. कॅटेगॉरिकल म्हणजे पाचही वर्षांची पक्की जागा. प्रिलिमिनरी म्हणजे एक वर्ष, पुढे काय ते पुन्हा शोधायचं. “सर्जरीत मॅच झालं” असा फोन आला तर पहिला प्रश्न हाच विचारावा. बाहेरच्या देशांतल्या पदवीधरांना पक्क्या जागा फार थोड्या मिळतात. ज्यांना मिळतात त्यांनी बहुतेक वेळा तिथे एक-दोन वर्षं विनापगार किंवा अल्प पगारावर संशोधन केलेलं असतं आणि तिथल्या सर्जनांची शिफारसपत्रं मिळवलेली असतात.

व्हिसाचं म्हणाल तर बहुतेकांना जे-१ मिळतो. त्यात प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते आणि भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं. ही अट माफ करून घ्यायची तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावं लागतं. दुसरा एच-१बी. त्याच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. इतका खर्च एका रेसिडेंटसाठी किती हॉस्पिटलं करतील, हे पालकांनीच ताडावं.

जर्मनी आणि आखात

जर्मनीत डॉक्टरांची गरज आहे, प्रशिक्षण पगारी आहे, जनरल सर्जरीला सहा वर्षं लागतात. त्यासाठी आधी रोजच्या जर्मनची बी२ पातळी, मग डॉक्टरांसाठीची सी१ दर्जाची भाषापरीक्षा, मग पदवीची समकक्षता किंवा ज्ञानपरीक्षा आणि ‘अप्रोबात्सिओन’ हा परवाना. भाषेला दीड-दोन वर्षं सहज जातात. ज्याला तिथेच स्थायिक व्हायचं आहे त्याच्यासाठी ही वाट आजच्या घडीला ब्रिटनपेक्षा मोकळी आहे. पण वर सांगितलेली पाच देशांची यादी आठवा. तिथला फाखार्त्स्ट सर्जन नंदुरबारला परत येऊन सर्जन म्हणून नोंद होईल असं गृहीत धरू नये.

आखातात नातेवाईक असलेली घरं विचारतात, तिकडे सर्जरी शिकता येईल का? सौदी, दुबईकडे लोक बहुतेक तयार सर्जन म्हणून जातात, शिकायला नाही. एमएस आणि त्यानंतरचा अनुभव घेऊन लायसन्सची परीक्षा द्यायची, अशी ती वाट आहे.

नाव आणि दाखला

हा भाग आम्हाला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो, कारण इथे चूक शाळेत होते आणि फटका पंधरा वर्षांनी बसतो.

आपल्याकडे खानदेशात जनरल रजिस्टरला नाव ‘शेख अय्यान शेख रफिक’ असं लिहितात. तेच दहावीच्या मार्कशीटवर येतं. आधार काढणारा ‘अय्यान रफिक शेख’ टाकतो. पासपोर्टला आडनावाचा रकाना रिकामा सुटतो. इंग्रजीत शेखची चार स्पेलिंगं, मोहम्मदची तर मोजदाद नाही, कुठे पूर्ण, कुठे एमडी, कुठे एमओएचडी. आईचं नाव एका कागदावर रुखसाना बी, दुसऱ्यावर रुखसाना परवीन. घरात याचं कोणाला काही वाटत नाही. पण ईसीएफएमजी आणि ब्रिटनचं मेडिकल कौन्सिल प्रत्येक कागद मूळ संस्थेकडून पडताळून घेतात. परीक्षेच्या नोंदणीचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं. एका अक्षराच्या फरकाने परीक्षेच्या दारातून परत पाठवतात. आणि ज्याच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्याच्या अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, असं छापून येतं. मग बँक, लायसन्स, हॉस्पिटलचं ओळखपत्र, सगळीकडे तेच चिकटतं.

म्हणून मूल आठवी-नववीत असतानाच जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर शेजारी ठेवून पाहावं. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्तीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो आणि काम होतं. दहावीचं प्रमाणपत्र हातात पडलं की तीच दुरुस्ती बोर्ड, राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र यांच्या फेऱ्यांत अडकते. पासपोर्ट काढताना मार्कशीटवरचं स्पेलिंग जसंच्या तसं ठेवावं, आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये. मुलींच्या बाबतीत निकाहनंतर लगेच पासपोर्टवर नाव बदलण्याची घाई करू नये, सगळ्या पदव्या आधीच्या नावावर असतात.

पैसा आणि वर्षं

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद आहे. अजूनही काही एजंट तिचं नाव सांगतात. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून कमी व्याजाचं शैक्षणिक कर्ज मिळतं, जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. राज्याची अल्पसंख्याकांसाठीची परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, परदेशी एमबीबीएससाठी नाही. व्याजाच्या कर्जाबद्दल घराघरांत मतं वेगळी असतात. ज्या आलिमांवर भरोसा आहे त्यांना विचारून घरानेच ठरवावं, पण फीचा पहिला हप्ता भरण्याआधी ठरवावं.

प्रशिक्षण पगारी असलं तरी तिथवर पोचेपर्यंतचा खर्च कोणी धरत नाही: परीक्षा, कोचिंग, विमान, तिकडचं दोन-चार महिन्यांचं भाडं, आणि जागा मिळेपर्यंत घरी बसलेलं एखादं वर्ष. बाहेर एमबीबीएस करून, एफएमजीई आणि इंटर्नशिप करून मूल पंचविशी ओलांडतं. इथे एमएस मिळालं तर तिशीच्या आसपास सर्जन. ब्रिटनच्या वाटेने सीसीटी हातात येईपर्यंत पस्तिशी सहज पार होते. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचे, बहिणीच्या रिश्त्याचे पैसेही याच वर्षांत लागणार असतात, ते कागदावर मांडून पाहावं.

मुलींबद्दल

सर्जरी मुलींची शाखा नाही असं अजून ऐकू येतं. जिल्ह्यातल्या बायका मात्र लेडी सर्जन शोधत सुरतच्या गाडीत बसतात. घरांची दुसरी शंका हिजाबची असते. ब्रिटनमध्ये कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम आहे, तो संसर्ग टाळण्यासाठी, सगळ्यांनाच लागू. डोकं झाकण्याची अडचण नाही. डर्बीच्या रॉयल डर्बी हॉस्पिटलने २०१९ मध्ये ऑपरेशन थिएटरसाठी एकदा वापरून टाकायचे निर्जंतुक हिजाब सुरू केले. तिथे शिकत असलेल्या मलेशियाच्या एका तरुण डॉक्टरने ही कल्पना मांडली होती.

आत्ता काय करता येईल

मूल कुठेही शिकत असो, इंटर्नशिपपासून लॉगबुक ठेवायला सांगा: कुठल्या तारखेला कुठलं ऑपरेशन पाहिलं, कुठल्यात मदत केली, कुठे टाके घातले, वरिष्ठाची सही. पेशंटचं नाव लिहायचं नाही. ब्रिटनच्या अर्जात अशा नोंदींना, छोट्या ऑडिटला, ज्युनिअरना शिकवण्यालाही गुण असतात. सरकारी कॉलेजात शिकलेल्यांनी एक वर्षाची बंधपत्रित सेवा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र यांचा वेळ हिशेबात धरावा. नियम दरवर्षी हलतात, म्हणून अर्जाच्या वर्षी एनएमसी, जनरल मेडिकल कौन्सिल आणि ईसीएफएमजी यांचे मूळ पान मुलाने स्वतः वाचावं, एजंटाने पाठवलेला फोटो नव्हे.

आमचा एक जुना विद्यार्थी मध्य आशियातून एमबीबीएस करून आला. एफएमजीई तिसऱ्या प्रयत्नात निघाली. सध्या तो एका सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करतोय. गेल्या ईदला घरी आला तेव्हा खिशातून छोटी वही काढून दाखवली. सर्जरीच्या दोन महिन्यांत ४१ नोंदी होत्या. त्याला आधी नीट-पीजी द्यायची आहे, लंडनचं नंतर बघू म्हणाला. वहीत पहिल्या पानावर त्याने स्वतःचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहिलं होतं.